गणपूर्तीअभावी

आमच्या आयएमए शाखेत सेक्रेटरीपदासाठी कधी मतदान झाल्याचं कुणाला आठवत नाही. मी भूलतज्ज्ञ. गावातल्या बहुतेक नर्सिंग होममध्ये माझं रोजचं जाणं-येणं. एकमेकांशी बोलणं टाकलेल्या दोन सर्जनांकडे सकाळी एकाचा हर्निया, दुपारी दुसऱ्याचं अपेंडिक्स, असं माझं चालतं. ‘मॅडम, तुमचं कुणाशी वाकडं नाही, तुम्हीच व्हा,’ एवढ्या पात्रतेवर माझी निवड बिनविरोध झाली.

कामाचं म्हणाल तर बराचसा वेळ हॉल, प्रोजेक्टर आणि केटररच्या बिलातच जातो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायची तर ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते गावातच मिळावेत म्हणून सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाची व्याख्यानं, घ्यायची. कौन्सिलकडे अर्ज, निरीक्षकाची सोय, हजेरीच्या सह्या. व्याख्यान चालू असताना मागच्या दारातून येऊन फक्त सही करून जाणारे सभासद मी चेहऱ्यानिशी ओळखते. वार्षिक सभेचं तर विचारूच नका. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली’ हे वाक्य आमच्या इतिवृत्तात सभेच्या आदल्या दिवशीच टाइप झालेलं असतं.

मनापासून आवडलेलं काम म्हणजे एसटी डेपोतलं प्रशिक्षण. भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी ‘कोल्स’ नावाची सोपी पद्धत बसवली आहे: माणूस कोसळला आणि श्वास नाही हे ओळखा, १०८ ला फोन लावा, छातीच्या मध्यावर मिनिटाला १२० या वेगाने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा, लवकर दवाखान्यात पोहोचवा. तोंडाने श्वास देण्याची भानगड नाही. पुतळ्यावर दाबता दाबता घामाघूम झालेल्या एका कंडक्टरने विचारलं, ‘मॅडम, बरगडी मोडली तर?’ मोडू शकते, मी म्हटलं, तरी थांबायचं नाही.

पण सेक्रेटरीचा फोन खरा वाजतो तो रात्री. ‘मॅडम, लोक जमलेत.’ डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१० चा कायदा आहे; ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. त्याच्या झेरॉक्स प्रती मी गाडीतच ठेवते, कारण पोलीस ठाण्यात तो कायदा सगळ्यांना ठाऊक असतोच असं नाही.

एका रात्री बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एक तरुण मुलगी गेली होती. रिसेप्शनची काच फुटलेली, डॉक्टर आत बसलेले. मुलीचे सासरे मात्र आरडाओरडा करत नव्हते. ते एवढंच विचारत होते, ‘रक्त आणायला आम्हाला किती वाजता सांगितलं?’ मी केस पेपर पाहिला. औषधं लिहिलेली होती, वेळा नव्हत्या. कुणाचं चुकलं हे त्या कागदावरून सांगता येत नव्हतं. चुकलं नाही हेही सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला गणपूर्ती झाली, हे सांगायला हवं. तोडफोडीचा निषेध एकमताने मंजूर झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. वेळांच्या नोंदीचा विषय मी काढला तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘ताई, ही वेळ नाही.’ आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायला आमची संघटना जितकी तत्पर, तितकीच त्याला प्रश्न विचारताना अवघडते. हे मला आजही पटत नाही. प्रश्न आम्ही विचारले नाहीत तर ते काच फोडणारेच विचारणार.

मग स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणींना धरून मी तो विषय सीएमईच्या दाराने आत आणला. चर्चेला नकार देता येतो, क्रेडिट पॉइंटला कोण देणार? लेबर रूममध्ये जाऊन रक्तस्रावाची रंगीत तालीम घ्यायची: हाक कुणी मारायची, पोट कुणी चोळायचं, रक्तपेढीला कोण पळणार, आणि एका सिस्टरने दुसरं काहीही न करता फक्त वेळा लिहायच्या. रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक ॲसिड प्रसूतीनंतर ३ तासांच्या आतच द्यायचं असतं. प्रसूती किती वाजता झाली हेच लिहिलेलं नसेल, तर तास मोजणार कुठून? पहिल्याच तालमीत सिस्टर वेळ लिहायला वळली आणि थबकली. खोलीत घड्याळच नव्हतं. पुढे आणखी काही ठिकाणी तेच आढळलं. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये वेळ बघतात, आणि ग्लोव्हज घातल्यावर मोबाइल खिशात राहतो.

शाखेच्या पैशातून भिंतीवरची घड्याळं घेतली. ऑडिटच्या वेळी खजिनदारांनी विचारलं, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवू? निषेध मोर्चाचे फलक ‘संकीर्ण’मध्ये होते. घड्याळं मी ‘शैक्षणिक साहित्य’मध्ये घालायला लावली.