अन्नपूर्णेच्या गावातली बाळंतीण

वाराणसीला गेलेला मराठी यात्रेकरू गंगास्नान, विश्वनाथ, अन्नपूर्णा आणि कालभैरव एवढे उरकून परततो. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडच्या अरुंद गल्ल्यांत तो सहसा शिरत नाही. शिरलाच, तर एखाद्या उंबऱ्याआडून स्वच्छ मराठी कानावर पडते आणि तो चकित होतो. पेशवाईत आणि त्याही आधी मराठी घराणी इथे येऊन स्थिरावली. १६७४ मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच.

अशा घरात बाळ जन्मले की दोन मुलखांची बाळंतविद्या एका स्वयंपाकघरात येते. सासूबाई अळिवाची खीर रटरटत ठेवतात, डिंक तळतात. शेजारची बनारसी काकी सुंठीचे लाडू आणि हळद, गूळ, सुंठ, तूप नि सुका मेवा घातलेला हरीरा घेऊन येते. बायका जमतात, ढोलक वाजतो, सोहर गायले जातात. सारे काही आनंदाचे असते. फक्त बाजेवरची सून गप्प असते. बाळ सारखे रडते आहे आणि येणारी प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारते आहे, ‘‘दूध पुरतंय का गं?’’

मग नवरा गोला दीनानाथला धाडला जातो. शहराची ही मसाल्याची जुनी घाऊक बाजारपेठ. मिरचीच्या ठसक्याने डोळ्यांत पाणी येते. सुंठ, ओवा, बडीशेप, मेथी, डिंक, जडीबुटी, जे म्हणाल ते मिळते. इथून कबीरचौरा जवळच. संगीतरसिकांना तो तबल्यासाठी ठाऊक, पण शहरातील बायकांना ठाऊक आहे तो तिथल्या सरकारी महिला रुग्णालयासाठी. बाजारात विकत मिळते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशा रुग्णालयातील परिचारिका सांगते आणि तिला पैसे पडत नाहीत: बाळाला पुन्हा पुन्हा अंगाशी घ्या.

दूध आधी साठते आणि मग बाळ पिते, असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. चोखण्याने मेंदूला संदेश जातो. एक संप्रेरक दूध बनवते, दुसरे ते बाहेर सोडते. म्हणून दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजायचे आणि रात्रीचे पाजणे चुकवायचे नाही. बाळाच्या तोंडात फक्त बोंडी नव्हे, भोवतीचा काळसर भागही बराचसा यायला हवा. पहिले दोन-तीन दिवस येतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो थोडाच असतो, कारण बाळाचे पोटही एवढेसे असते. त्याच दिवसांत घरची माणसे घाबरतात आणि बाटली आणतात. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर ओढत नाही, मग दूध खरोखरच कमी होते. १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी घातली, पण शेजारणीच्या सल्ल्याला कायदा कसा लावणार?

घुटी आणि मध चाटवण्याची चालही अशीच जुनी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्तर प्रदेशात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे सुमारे चोवीस टक्केच होती. देशाचे प्रमाण सुमारे बेचाळीस टक्के होते.

मग लाडू, शतावरी सारे फोल का? मुळीच नाही. बाळंतिणीला जास्त अन्न, पाणी आणि विश्रांती लागते, आणि तुपातले लाडू तिच्या झिजलेल्या शरीराला आधार देतात. शतावरीने दूध वाढते याचे पक्के पुरावे मात्र थोडे आहेत. मेथीचा अतिरेक केला तर तो काहींना बाधतो. काशी हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक एकाच संस्थेत शिकवले जाते, तेव्हा दोहोंचा सल्ला मिळायला लांब जावे लागत नाही.

आणि काशीचेच एक जुने मत आहे. सुश्रुतसंहिता हा काशिराज दिवोदास धन्वंतरीचा उपदेश मानला जातो. त्यात दूध वाढवणाऱ्या पदार्थांत लसूण, शिंगाडा, दुधी भोपळा, शतावरी अशी नावे आहेत. पण बाळाला पाहून, आठवून, स्पर्शून दूध सुटते आणि राग, शोक यांनी ते आटते, हेही तिथेच सांगितले आहे. भीती आणि ताणामुळे दूध सुटायला अडथळा येतो, असे आजचे डॉक्टरही सांगतात. हे वाचून बाळंतिणीलाच ‘तू रागावतेस म्हणून’ असे सुनावणारी माणसे निघतील. तिला राग आणि शोक कोण देते, हे मात्र ती पाहत नाहीत.

म्हणून सोहर गाणाऱ्या बायकांना पुढच्या खोलीत बसवावे. पाहुण्यांच्या गराड्यात पदर सावरत पाजताना नवी आई संकोचते आणि बाळ हातोहाती फिरत राहते. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा वेळा किंवा अधिक लघवी करत असेल, वजन धरत असेल, तर ते कितीही रडले तरी दूध पुरते आहे असे समजावे. तसे होत नसेल, बाळ सुस्त पडून असेल किंवा आईला ताप असेल, तर लाडवांवर दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे. पंडुरोग, थायरॉईड, वार पोटात अडकून राहणे अशी कारणेही असू शकतात.

दुर्गाघाटच्या घरातल्या सासूबाईंना एवढे पटले, तर पहाटे दोनला बाळ उठल्यावर त्या बाटली शोधणार नाहीत. हरीरा गरम करून सुनेच्या हाती देतील आणि दिवा मंद करतील.