बेरजेबाहेरचं

विज्ञानाच्या मासिकात मी उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा माझं शिक्षण मराठी साहित्यातलं होतं आणि विज्ञानाची पुस्तकं दहावीनंतर हातात घेतली नव्हती. आल्या आल्या एकाच अंकासाठी दोन विषय माझ्या वाट्याला आले. एक क्वार्क आणि ग्लुऑन यांच्यावरच्या संशोधनाचा, दुसरा फलटणच्या मेंढ्यांचा. पहिल्याची मला धास्ती होती. दुसरा सहज होईल असं आमच्या कचेरीत सगळेच म्हणत होते.

प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात, दोन अप आणि एक डाउन, इथपर्यंत वाचून समजलं. मग कणांच्या वस्तुमानांचं कोष्टक समोर घेतलं. एकक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. अप क्वार्क साधारण २, डाउन साधारण ५. दोन अप आणि एक डाउन मिळून ९ च्या आसपास. त्याच कोष्टकात प्रोटॉनसमोर आकडा होता ९३८. शंभरातला जेमतेम एक भाग क्वार्कांचा! उरलेला नव्व्याण्णव भाग कुठून आला, हे मला काही केल्या उमगेना. एकक तपासलं, दुसरं कोष्टक काढलं, आकडे तेच. ज्या संशोधकांकडे मला पाठवलं होतं, त्यांच्यापुढे मी तो कागद ठेवला. ते म्हणाले, "बेरीज बरोबर आहे तुमची. आमचा विषय इथूनच सुरू होतो."

क्वार्कांना बांधून ठेवणारे कण म्हणजे ग्लुऑन, आणि त्यांना स्वतःला वस्तुमान नाही. त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढला. सरांनी न कंटाळता समजावलं. प्रोटॉनच्या आत क्वार्क प्रचंड वेगानं धावत असतात, ग्लुऑन अखंड निर्माण होतात आणि विरतात. या सगळ्या धावपळीची आणि बंधनाची जी ऊर्जा, तीच बाहेरून आपल्याला वस्तुमान म्हणून जाणवते. म्हणजे माझ्या हाताचं, या टेबलाचं, शेतातल्या दगडाचं बहुतेक सगळं वजन हे कुठल्या तरी बारीक गोळ्यांचं नाही, ती कोंडलेली ऊर्जा आहे. हे कळलं त्या संध्याकाळी मी लोकलमध्ये बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. इतकी मोठी गोष्ट मला आजवर कुणीच कशी सांगितली नव्हती, याची खरंच हळहळ वाटली.

पण मग एक क्वार्क बाहेर काढून का दाखवत नाहीत? प्रकाशाचा कण दुसऱ्या प्रकाशकणाला ओढत नाही. ग्लुऑन मात्र दुसऱ्या ग्लुऑनलाही ओढतो, त्यामुळे क्वार्क दूर नेऊ लागलो की ओढ कमी होतच नाही. जोर लावून तोडलंच, तर त्या जोराच्याच ऊर्जेतून क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची नवी जोडी तयार होते. दोरी तुटली तरी प्रत्येक तुकड्याला दोन टोकं असतातच, नुसतं एक टोक कुणाला देता येत नाही, तसं हे. उलट क्वार्क एकमेकांच्या अगदी जवळ असले की जवळजवळ मोकळे असल्यासारखे वागतात. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी हे गणितानं दाखवलं, आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मला सगळ्यात धीर दिला तो एका चित्रानं. १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या पेट्रा या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवत होते. एरवी कणांचे दोन झोत समोरासमोरच्या दिशांना फुटायचे, एक क्वार्कचा, एक प्रतिक्वार्कचा. काही चित्रांत मात्र तीन झोत निघाले. बारीक रेषांचे तीन पिसारे, तीन दिशांना. तिसरा झोत ग्लुऑनचा. ग्लुऑन कुणी पाहिला नाही, पण त्याच्या जाण्याची खूण तिथे स्वच्छ उमटली आहे. पुण्यात वाढलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या त्या काळात त्यांनी आणि मॅन्युएल ड्रीस यांनी याच क्षेत्रात मोलाचं काम केलं. अतिऊर्जेच्या टकरींमध्ये प्रकाशाचा कणही पोटात क्वार्क आणि ग्लुऑन बाळगून असल्यासारखा वागतो, त्याचा परिणाम त्यांनी मांडला. तो परिणाम आज दोघांच्या नावानं ओळखला जातो.

आणि ते ९३८? अवकाश आणि काळ यांची बारीक जाळी कल्पून, महासंगणकावर २००८ मध्ये युरोपातल्या एका गटानं प्रोटॉनचं वस्तुमान मूळ सिद्धांतातून काढलं. आकडा मोजलेल्या किमतीशी चांगला जुळला.

फलटणला गेले ती या समाधानात. निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये काढली. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोळ मेंढी अंगानं अगदी लहान, पण तिला जुळी नेहमीची. त्यामागे एकच जनुक आहे, फेक-बी. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोमध्येही तेच आहे, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांपर्यंत त्याचा माग लागतो. 'नारी'नं गारोळचं हे जनुक दख्खनीत आणलं आणि पुढे पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी संकर करत चण राखली. अडचण होती नराची. त्याच्या अंगावर जनुकाची कसलीच खूण नसते. त्याच्या मुली वयात येऊन व्यायल्या की मगच कळायचं. २००१ मध्ये जनुकातला नेमका बदल सापडला आणि रक्ताच्या थेंबावरून निवड करता येऊ लागली.

एकाची दोन कोकरं, तर उत्पन्न दुप्पट. मला हे गणित सरळ वाटलं. मग मेंढपाळांच्या एका वाड्यावर नेलं. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली, आत मेंढरं बसलेली, बाजूला तीन दगडांची चूल. मेंढपाळ मावशींनी एक मेंढी धरून तिची कास मला दाखवली. "सड दोनच असत्यात ताई. ह्या कोकराला मिळतंय, त्या बारक्याला पुरंना." बारक्याला त्यांनी शेळीच्या कासेला लावलं. कळपात चार शेळ्या पाळतात त्या चहासाठी, आणि अशा कोकरांसाठी. मग त्या म्हणाल्या, "एक कोकरू वाटंला खांद्यावर घिऊन चालता येतंय. दोन झाली तर उचलायची कुणी? घोड्यावर आधीच बिऱ्हाड हाय."

दिवाळीनंतर ही माणसं कोकणाकडे, पुण्याच्या पश्चिमेला निघतात. व्यायची वेळ आणि चालायची वेळ एकच आली, तर जुळं हे ओझं होतं. जुळी होतात किती यापेक्षा दूध सुटेपर्यंत जगतात किती, हा खरा आकडा. तो ठरतो आईला विण्याच्या सुमारास मिळालेल्या खुराकावर आणि ते बारकं कोकरू रात्री कोण बघतं यावर. हे रात्रीचं काम वाड्यावरच्या बायकांकडे असतं. माझ्या मते जनुकाइतकंच महत्त्व या कामाला मिळायला हवं, आणि लेखात मी ते पुढे घेतलं. संस्थेतल्या लोकांनाही हे ठाऊक आहे. जनुकाची एकच प्रत असली तरी मेंढपाळाला हवा तो बहुतेक लाभ मिळतो, दुसऱ्या प्रतीनं त्यात फारशी भर पडत नाही, असं त्यांनी कळपांत मोजून पाहिलं आहे.

दोन्ही लेख छापून आले. आता प्रोटॉनच्या स्पिनचा, म्हणजे त्याच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याच्या गुणाचा, विषय मी मागून घेतला आहे. १९८८ च्या सुमाराला युरोपात मोजमाप झालं, तेव्हा क्वार्कांच्या स्पिनची बेरीज प्रोटॉनच्या स्पिनपेक्षा फारच कमी भरली. पुढच्या प्रयोगांनी तो वाटा साधारण एक तृतीयांश धरला. बाकीचा ग्लुऑनचा किती आणि आतल्या फिरण्याचा किती, हे शोधण्यासाठी अमेरिकेत ब्रुकहेवनला इलेक्ट्रॉन आणि आयन यांची टक्कर घडवणारं यंत्र उभं राहतं आहे. त्याच्या आधी मात्र फलटणला जायचं आहे, कळप वाटेला लागायच्या आत. यंदा मावशींच्या कळपात एक तपासलेला मेंढा सोडला आहे.