तिसरे शिलाई मशीन

मागच्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी घरी परतली. नोकरीचे आमिष दाखवून तिला दूरच्या शहरात विकले होते; पोलिसांनी सोडवले. पाचवीपर्यंत ती आमच्याच शाळेत होती. आम्ही चार शिक्षिका तिच्यासाठी रक्कम जमवायला निघालो. नाव सांगायचे नाही, असे ठरले होते, पण ‘कुणासाठी?’ विचारल्याशिवाय पाकीट उघडत नाही. आठवड्यात टेम्पोतून दोन शिलाई मशिने तिच्या दारात उतरली. गल्लीला जे कळायला नको होते, ते कळले. तिसरे मशीन द्यायलाही एक भाई तयार होते.

तिला शिवण येते का, हे कुणीच विचारले नव्हते. आम्हीही नाही.

विचारले तेव्हा तिने दोनच गोष्टी सांगितल्या. कोर्टाच्या तारखेचे गाडीभाडे, आणि रात्री झोप येत नाही म्हणून समुपदेशक बाईंकडे जाणे.

जकातीचे आठ हकदार सूरह तौबाच्या आयत 60 मध्ये आहेत. त्यात ‘फिर-रिकाब’, म्हणजे गुलामांच्या माना सोडवणे, हाही एक. आम्हाला वाटले, वाट सरळ आहे. मौलाना साहेब म्हणाले, “रिकाबची चर्चा राहू द्या. मुलगी गरीब आहे, एवढे पुरे. भाड्याचे पैसे तिच्या हातात द्या. पण बाईंचा पगार आणि त्यांच्या खोलीचे भाडे जकातीतून नको.” तमलीकची अट आहे, रक्कम हकदाराच्या मालकीची व्हावी लागते. पगारासाठी लिल्लाह हवी. आमच्या जमातीत लिल्लाह बहुतेक पंख्यांवर आणि गालिच्यावर जाते.

सरकारी वाट आहेच. ‘मिशन शक्ती’खाली शक्ती सदने आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अशा पीडितेला वकील मोफत मिळतो, नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच होतो. तिचा अर्ज आम्हीच भरून दिला. पण अर्ज मंजूर होईपर्यंत तारखा थांबत नाहीत.

तिसऱ्या मशीनवाल्या भाईंकडे आम्ही पुन्हा गेलो. मशीनची किंमत लिल्लाह म्हणून द्या, पावती देऊ, म्हणालो. “पगाराला? मशीन निदान दिसते तरी!” ते म्हणाले. अर्धी रक्कम दिली.

दोनपैकी एक मशीन तिच्या अम्मीने नंतर विकून टाकले. ते पैसे पुढच्या तारखांच्या भाड्यात गेले.