वाकडा खिळा

एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलसाठी पिनबॉल लिहितोय. रॅम फक्त २ केबी, प्रोसेसरला गुणाकारही येत नाही. सेकंदाला ६० फ्रेम्स. बॉल वेगात असला की दोन फ्रेम्सच्या मधूनच फ्लिपरच्या आरपार निसटतो. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये त्याला चार छोट्या टप्प्यांत हलवतो, दर टप्प्याला टक्कर तपासतो.

टेबल मात्र ओळखीचं हवं होतं. पिनबॉल जन्मला बगाटेलमधून, आणि आमच्या घरी लाकडी बगाटेल होतं. माझी गोळी शंभराच्या घरात हमखास पडायची. बाबा गेल्यावर ते माळ्यावरून काढलं, तेव्हा दिसलं: त्या घरावरचा एक खिळा मुद्दाम वाकवलेला.

गेममध्येही तो खिळा दोन पिक्सेल वाकडा ठेवलाय. टेस्ट करणारा मित्र म्हणाला, "बग आहे." म्हटलं, असू दे.