वाटी तर भरलेलीच होती

मुलांनो, समोर भरलेली वाटी असताना कुणी उपाशी राहील, असं तुम्हांला वाटेल का? मलाही वाटलं नव्हतं.

मी तेव्हा सहावीत होतो. आमचं घर नांदेडच्या जुन्या मोंढ्यापासून जवळच होतं. दिवाळीनंतर मामा हैदराबादहून आला तो हातात पिंजरा घेऊनच. आत दोन पाखरं, एक हिरवं आणि एक पिवळं. गल्लीतली सगळी पोरं त्यांना 'लव्हबर्ड' म्हणायची. खरं तर ते बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचे इवलेसे पोपट. लव्हबर्ड निराळे, ते आफ्रिकेतले. हे मात्र मला फार उशिरा कळलं. (आपल्या रानातला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानं मनाई आहे बरं का!)

बाबांनी मोंढ्यातून दोन किलो राळं आणलं. पिवळा, चकचकीत, बारीक दाणा. रोज सकाळी वाटी बघायची आणि रिकामी झाली की भरायची, एवढंच माझं काम. परीक्षा जवळ आली होती. मी सकाळी दप्तर पाठीला लावता लावता पिंजऱ्यात डोकवायचो. वाटी भरलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकावलो, वाटी भरलेलीच. मनात म्हटलं, काय गुणी पाखरं आहेत! खातात आणि शिल्लकही ठेवतात.

चौथ्या दिवशी कंधारकडच्या आमच्या गावाहून आजी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिचं लक्ष पिंजऱ्याकडं गेलं.

"पाखरू असं का फुगून बसलंय रे? खायला घालतोस का न्हाई?"

"आजी, बघ की! वाटी भरलेली आहे."

आजीनं वाटी काढली, चिमूटभर तळहातावर घेतलं आणि हळूच फुंकर मारली. सगळं उडालं. तळहातावर राहिले तीन की चार दाणे.

"ह्ये समदं फोल हाय, लेकरा. पाखरं उपाशी हायेत."

गंमत बघा, आदल्याच आठवड्यात मी मराठीच्या पेपरात 'आशा फोल ठरणे' याचा वाक्यात उपयोग करून पूर्ण गुण मिळवले होते. पण फोल म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं.

ताजं राळं घातलं. हिरवं पाखरू थोड्या वेळानं वाटीवर आलं. पिवळं आलंच नाही. एवढ्याशा जिवाला एक-दोन दिवसांचा उपाससुद्धा सोसवत नाही. रात्रीतच ते गेलं. सकाळी मी आणि बाबांनी त्याला परसात लिंबाच्या झाडाखाली पुरलं. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

नंतर मी हिरव्याकडं तासन् तास बघत बसायचो. तो दाणा चोचीत धरायचा, जिभेनं वरच्या चोचीखाली फिरवायचा आणि खालच्या चोचीनं साल अलगद सोडवायचा. आतला गर गिळायचा आणि टरफल पडायचं ते पुन्हा वाटीतच! चिमणी आणि सुगरणही दाणा असाच सोलतात. पारवा आणि होला मात्र सालीसकट गिळतात. म्हणजे घरात पारवा असता तर रिकामी वाटी रिकामीच दिसली असती.

मग मी दुसरं टोक गाठलं. रोज सकाळी वाटीतलं सगळंच उकिरड्यावर फेकायचं आणि नवीन भरायचं. दोन किलोचं राळं बघता बघता संपत आलं. आजीनं आठ-दहा दिवस पाहिलं. मग एका सकाळी तिनं माझा हात धरला. "दाणे टाकायलास तू," एवढंच म्हणाली.

आजीनं १९७२ चा दुष्काळ पाहिला होता. मराठवाड्यात पावसानंच दगा दिला, तिथं ज्वारी कुठली पिकणार? ती दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि घरी येऊन अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापायची. तिच्या हातून दाणा फेकला जाणं शक्यच नव्हतं.

तिनं सूप आणलं. मी म्हटलं, चाळणीनं होईल की. "करून बघ," ती म्हणाली. झालं नाही. दाणा आणि टरफल दोन्ही जवळपास एकाच आकाराची. चाळणीतून नुसती धूळ खाली पडली. टरफल वेगळं निघतं ते वजनानं. खळ्यावर उंच उभं राहून पाटीतून धान्य उफणतात, तेच हे. वाऱ्यात जड दाणा सरळ खाली येतो, हलकं फोल वाहून जातं. सुपात तोच खेळ हातानं करायचा. झटका देऊन वर उडवायचं, दाणा मागं येतो आणि फोल सुपाच्या तोंडाकडून बाहेर पडतं. दिसायला सोपं आहे, पण पहिल्या दिवशी मी निम्मे दाणे अंगणात सांडले. चिमण्यांची चंगळ झाली.

आजीच्या अटी कडक होत्या. पाखडायचं ते अंगणात, नाकाला रुमाल बांधून, कारण ती धूळ छातीत जाते. ओला झालेला किंवा विष्ठा लागलेला दाणा परत वाटीत घालायचा नाही, त्याला बुरशी धरते. आणि वाटीत नुसतं बघायचं नाही, रोज फुंकर मारायची.

आठ दिवसांचं साठवलेलं पाखडलं की दोन-तीन मुठी चांगलं राळं निघायचं. आजी ते डब्यात परत टाकताना माझ्याकडं बघायची, बोलायची काही नाही.

फोल मी जाईच्या कुंडीत टाकायचो. पावसाळ्यात त्या कुंडीत गवतासारखी हिरवी पाती दाटीनं उगवली. मी उपटायला गेलो तर आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"उपटू नको. तुझं पाखडणं हाय त्ये. किती दाणे घालवलेस बघ!"

गणपतीच्या सुमाराला त्या पात्यांना कोल्ह्याच्या शेपटीसारखी कणसं लागली. एक कणीस मी देठासकट तोडून पिंजऱ्यात टांगलं. हिरवा त्याला उलटा लोंबकळला आणि टरफलं पहिल्यांदाच वाटीत न पडता खाली जमिनीवर पडली.