मोटारींच्या शृंगाराचं दुकान



आमच्या नातवाने २०२२ साली बेर शेवात मोटारींच्या सामानाचं दुकान काढलं. तेव्हापासून सिनेगॉगमध्ये जो भेटेल तो विचारतो, "गॅरेज काढलं म्हणे?" गॅरेज नव्हे हो. गाडी आजारी पडली की मोसाखमध्ये नेतात, आमच्याकडे ती नटायला येते. सीटचे गलेफ, पायाखालच्या मॅट, काचांना उन्हाची फिल्म, मागे बघायचा कॅमेरा, मोबाईल अडकवायचा स्टँड, असला सगळा शृंगार. भांडवलात आम्हा दोघांच्या म्हातारपणाच्या पैशांतलाही थोडा भाग आहे, म्हणून बोलायचा हक्क आहे असं आम्ही समजतो. नातू तसं समजतो की नाही ते विचारू नका. तो आम्हाला "सावता" म्हणतो. मुलांनो, तुमच्या हिब्रूत सावता म्हणजे आजी, पण मराठीत सावता म्हणजे सावता माळी, मळ्यात राबता राबता देवाचं नाव घेणारा संत. आम्हाला दोन्ही चालतं.

दुकान एमेक सारामध्ये आहे. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना सांगायला नको. जिकडे बघाल तिकडे मोटारींचे शोरूम, मोसाख, टायरवाले. आमच्याच रांगेत हाच माल विकणारी आणखी तीन दुकानं. वर पेट्रोल पंपावर मॅट मिळते, सुपरमार्केटात सनशेड मिळतो, आणि सगळ्यांत मोठं दुकान गिऱ्हाइकाच्या खिशात. फोनवर बोट दाबलं की माल चीनहून घरी. गिऱ्हाईक आमच्या काउंटरवर उभं राहून आमच्याच तोंडासमोर फोनमधला भाव दाखवतं आणि म्हणतं, "हनाखा किती देणार?"

तरी धंदा आहे, त्याला कारण आहे. या देशात पेट्रोलच्या नव्या गाडीवर खरेदी-कराचा मूळ दर ८३ टक्के, त्यावर माआम, तो २०२५च्या जानेवारीपासून १८ टक्के झाला. एवढी महाग वस्तू माणूस जपून वापरतो. त्यात आमचं नेगेवचं ऊन. ऑगस्टमध्ये गाडी दोन तास बाहेर ठेवा, सुकाणूला हात लावून दाखवा!

काचेची फिल्म हे त्या मुलाचं खरं काम. आम्ही खुर्ची टाकून बघत बसतो, कारण ते अगदी ड्रेसिंग करण्यासारखं आहे. आधी काच धुवायची, पुन्हा धुवायची. मग साबणाचं पाणी फवारायचं, म्हणजे फिल्म सरकवता येते. काच बाकदार आणि फिल्म सपाट, म्हणून गरम हवेच्या पंख्याने शेकून तिला वळण द्यायचं. शेवटी रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत न्यायचं. धुळीचा एक कण आत राहिला की तिथे फोड येतो, आणि तो जन्मभर दिसतो. नंतर काही दिवस काच खाली करायची नाही, हे गिऱ्हाइकाला तीनदा सांगावं लागतं. स्वस्त रंगाची फिल्म उन्हात काही वर्षांत जांभळी पडते. चांगली सिरॅमिकची फिल्म फार काळी नसते तरी उष्णता अडवते. जुनी फिल्म मागच्या काचेवरून ब्लेडने खरवडली तर काच तापवायच्या बारीक तारा तुटतात, तिथे धीरच लागतो. पोरांना पुढच्या दारांच्या काचाही काळ्याकुट्ट हव्या असतात. ते कायद्यात बसत नाही, गाडी टेस्टमध्ये अडकते. नातू नाही म्हणतो, पोरं शेजारी जातात.

ऑक्टोबर २०२३मध्ये तो मिलुइमला गेला. दुकानाचं भाडं काही मिलुइमला जात नाही. मग आम्ही दोघं रोज सकाळी जाऊन शटर उघडायचो. आमचे हे गल्ल्यावर, आम्ही फळ्या पुसायला. लोक यायचे, माल बघायचे आणि विचारायचे, "मुलगा कुठे आहे? बसवणार कोण?" मालाने फळ्या भरलेल्या होत्या, पण विकले गेले ते वास येणारे कागदी झाड आणि सनशेड. कॅमेरा एकही नाही. कॅमेऱ्याची वायर छताच्या कापडाखालून फ्यूजपर्यंत नेणारे हात तेव्हा सैन्यात होते. माल सगळ्यांकडे सारखाच असतो, हे आम्हाला त्या चार महिन्यांत कळलं. तो घरी आला त्या आठवड्यात सात गाड्या दारात उभ्या होत्या. खरं सांगायचं तर आम्ही गाड्या मोजल्याच नाहीत, ते काम ह्यांनी केलं.

आता भांडणाची गोष्ट. सीटबेल्ट लावला नाही की गाडी टिंग-टिंग करते. ते बंद करायला एक नुसतं बक्कल मिळतं. ते खाचेत खोचलं की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय. दोन्ही बाजूंच्या दुकानांत ते काउंटरवरच टांगलेलं असतं. रोज कोणी ना कोणी मागतं. ह्यांचं म्हणणं, "आपण नाही दिलं तर शेजारी घेणारच, मग गिऱ्हाईक का घालवा? बक्कल घ्यायला आलेला मॅटही घेतो." हिशोबाने ते बरोबर होतं. पण आम्ही नर्स म्हणून इमर्जन्सीत रात्रपाळ्या केल्या आहेत. बेल्ट न लावलेल्या माणसांच्या चेहऱ्यातून काचा चिमट्याने वेचल्या आहेत, आणि तो वाचला तर त्याचं नशीब म्हणायचं. आमच्या पैशाच्या दुकानात ते बक्कल टांगायचं नाही, असं आम्ही सांगितलं. दोन दिवस घरात चहा न बोलता झाला. नातवाने आधीच ठरवलं होतं, तो फक्त हसला. सीटच्या गलेफाचंही तसंच. पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिथे उसवणारी शिवण असलेलाच गलेफ हवा. तो महाग पडतो. १ ऑगस्ट २०२१पासून चार वर्षांखालचं मूल गाडीत राहिलं तर इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं, ते मात्र आम्ही स्वतः समजावून विकतो. त्यात नफा थोडा, बोलणं फार. चालायचंच.

शब्बातला दुकान बंद. रांगेतलं एक दुकान शनिवारी उघडं असतं आणि त्या दिवशी लोकांना सवड असते, हे आम्हालाही दिसतं. पण आपण कोकणातले शनिवार तेली. मुलांनो, आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव पडलं. सोमवारी काम बंद ठेवणारे ते सोमवार तेली. म्हणजे स्पर्धा तेव्हाही होतीच, आणि शनिवारी आपलं गिऱ्हाईक त्यांच्याकडे जातच असणार. रविवारी परत येत असेल तर तेल चांगलं असणार, एवढंच.

हल्ली चिनी विजेच्या गाड्या फार येतात. त्यांच्या मापाच्या मॅट नेहमी तयार मिळत नाहीत, म्हणून नातू कागद पसरून माप घेतो आणि कापून देतो. त्यामुळे जरा बरं चाललंय. भाड्याचा करार पुढच्या पेसाहनंतर पुन्हा करायचा आहे, मालक वाढवून मागतोय. बेर शेवाला आलात तर या. मात्र शुक्रवारी बाराच्या आत या, त्यानंतर आम्ही शटर ओढून घरी स्वयंपाकाला लागतो.