खाडीपलीकडे

भाईंदर सुटलं की लोकल खाडीवर चढते. मध्ये पाणजू, मग पुन्हा पाणी, पुढे नायगाव. दोन्हीकडे पाणीच पाणी, सगळं खारं. मागे आमच्या इमारतीत पाणी पुरवणाऱ्या ‘स्टेम’चं शटडाउन आणि जिन्यात कळशा. या पुलावर मला हटकून मृणालताई गोरे आठवतात. पलीकडे वसईतच त्या गेल्या, १७ जुलै २०१२ला, भर पावसाळ्यात.

पाणीवाली बाई! ही पदवी नळाच्या रांगेतून आलेली. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी चळवळीपायी अर्धवट सोडलं होतं. १९५८ साली पती बंडू गोरे गेले; ऐन तिशीत वैधव्य, पदरी लहान मुलगी. तीनच वर्षांत त्या मुंबई महापालिकेत होत्या. पुढे १९७२ची विधानसभा, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या बायका, आणीबाणीत भूमिगत, मग तुरुंग. १९७७ला त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा अख्खी मुंबई म्हणत होती, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ १९८५ला पुन्हा आमदार, नंतर विरोधी पक्षनेत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, त्यामागे त्यांचाही रेटा होता.

आणि पक्ष? समाजवादी, जनता, जनता दल. एकदाच काय तो लाटेवर मोठा झाला, तोही तीन वर्षांत फुटला. दर फुटीनंतर पाटी नवी, चिन्ह नवं. सतरंज्या मात्र त्याच, आणि उचलणारेही तेच. पाटी उतरली की माणूसही उतरतो म्हणतात. ताईंच्या नावाआधी पक्ष कुणी विचारलाच नाही.

आमच्या मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपरिषद मिळाली, २००२ला महापालिका, २००९ला स्वतःचा आमदार. मिठागरांच्या कडेनं टॉवर उठले, फलकांवर नेत्यांचे चेहरे आले. नळावर भांडण सोडवणाऱ्या बाईला मात्र आम्ही अजून तोंडाळ म्हणतो. (मीही म्हणते, खोटं कशाला बोलू!) तिकीट मागायला ती जात नाही, आणि द्यायला तिच्या दारी कुणी येत नाही.

पुलाचा खडखडाट थांबतो. फोन वाजतो. तीच, तोंडाळ.

‘अगं, पाणी आलंय. कुठे आहेस?’

‘नायगाव.’

‘बरं. किल्ली कुंडीखालीच आहे ना? तुझंही पिंप भरून ठेवते.’